ताम्हिणी ते भिगवण : पावसाच्या उतारावरून

पुणे जिल्ह्याच्या नकाशावर पट्टी आडवी ठेवली की पश्चिमेला ताम्हिणी, मध्ये पुणे शहर, पुढे बारामती तालुक्यातलं सुपे आणि पूर्वेला भिगवण ही ठिकाणं जवळजवळ एका रेषेत येतात. अक्षांश साधारण १८.३ ते १८.५ उत्तर. रस्ता ज्या जमिनीवरून जातो तिची उंचीही सगळीकडे ५०० ते ६५० मीटरच्या आसपास. म्हणजे ऊन सारखंच, सरासरी तापमानही फारसं वेगळं नाही. बदलतो तो पाऊस, आणि सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आत तो दहापटीहून जास्त उतरतो.

हिमालयात वर चढत गेलं की थंडीही वाढते आणि पाऊसही बदलतो. मग देवदार कशामुळे आला आणि कुरण कशामुळे, हे सुटं करणं अवघड जातं. इथे बाकी सगळं स्थिर ठेवून पाऊस तेवढा बदललाय. परिसंस्था हवामानाने कशा घडतात हे बघायला यापेक्षा सोपी वाट महाराष्ट्रात सापडणार नाही.

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा मुद्दाम निवडला. पावसाळ्यात सगळेच हिरवे असतात. कुठलं झाड खरोखर सदाहरित आणि कुठलं चार महिन्यांपुरतं, हे फेब्रुवारीत कळतं. सोबत घ्यायच्या वस्तू थोड्याच: ३० मीटरची टेप, सुतळी, खुरपं, दोन्ही बाजूंनी उघडा १० ते १५ सेंटिमीटर व्यासाचा पत्र्याचा डबा, दुर्बीण, आणि पिण्याचं सोडून मातीच्या चाचणीसाठी पाच लिटर जास्तीचं पाणी.

दिवस पहिला : पिंपरी आणि अंधारबन

चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी. पेट्रोल पौडपर्यंतच भरून घ्या, पुढे भरवसा धरू नका. ताम्हिणीच्या अलीकडे लोणावळ्याकडे फुटणाऱ्या रस्त्याने पिंपरी हे छोटं गाव गाठलं (पिंपरी-चिंचवडचं नव्हे). इथून अंधारबनाची वाट सुरू होते. वनविभागाची नोंद आणि शुल्क आधी, चालणं नंतर. पूर्ण वाट खाली कोकणातल्या भिऱ्यापर्यंत उतरते. जंगल बघायचं असेल तर पहिले दोन-तीन किलोमीटर पुरतात.

वाटेत एका जागी झाडी फाटते आणि पायाखाली कुंडलिकेची दरी उघडते. पाऊस कसा पडतो याचं उत्तर या कड्यावर उभं राहून दिसतं. अरबी समुद्रावरून आलेला दमट वारा कोकणातून फारसा अडथळा न येता आत येतो आणि मग एकदम या भिंतीला भिडतो. वर जावंच लागतं. कोरडी हवा दर १०० मीटर चढाला साधारण १ अंशाने थंड होते. जुलैतल्या हवेत बाष्प इतकं असतं की पहिल्या काहीशे मीटरमध्येच ढग बनतो. पुढचा सगळा चढ म्हणजे पिळून निघणं. जुलै २०२४ मध्ये, २५ तारखेच्या सकाळी संपलेल्या २४ तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुण्यात अख्ख्या वर्षात सरासरी सातशे-साडेसातशे पडतो. ताम्हिणीची वर्षाची बेरीज ६,००० च्या पुढे जाणं नवलाचं नाही.

आत शिरल्यावर मात्र एक गोष्ट खटकायला हवी. १० मीटर बाय १० मीटरचा चौकोन सुतळीने आखा आणि झाडं बघा: अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, मध्ये आंबा, फणशी. जवळजवळ सगळी पानं धरून. माथ्यावर फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, खाली भर दुपारी सावली. पण उंची? पंधरा मीटर, फार तर वीस. सिंगापुरात वर्षाला २,४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणजे इथल्या निम्म्याहूनही कमी, आणि तिथल्या मूळ वर्षावनातली झाडं चाळीस मीटरच्या पुढे जातात. मग जास्त पावसात बुटकं जंगल का?

कारण झाड वर्षाच्या बेरजेवर जगत नाही. सिंगापुरात सरासरीने एकही महिना कोरडा जात नाही. इथे सगळा पाऊस जून ते सप्टेंबर, थोडा ऑक्टोबर, आणि मग मेअखेरपर्यंत सात-आठ महिने जवळपास शून्य. जुलैत पडलेलं पाणी कड्यावरून खाली जातं. ते एप्रिलमध्ये झाडाच्या कामाचं नाही. जगातल्या हवामानांचं वर्गीकरण करणाऱ्या क्योपेनची वर्षावनाची कसोटीही हेच मोजते: वर्षाचा पाऊस किती यापेक्षा सर्वांत कोरड्या महिन्यात किमान ६० मिलिमीटर पडतो का. ताम्हिणी त्या कसोटीत पहिल्याच फेरीत बाद होते. याच सह्याद्रीत दक्षिणेला केरळकडे जा, कोरडे महिने घटत जातात आणि झाडं उंच होत जातात, पाऊस इथल्यापेक्षा कमी असला तरीही.

अंजनीचं पान तोडून न घेता बोटांत धरून बघा. जाड, चामड्यासारखं, चकचकीत. आठ महिने पाऊस नसताना पान टिकवायचं तर असंच लागतं.

मातीची चाचणी इथे पहिल्यांदा केली. डबा पाच सेंटिमीटर जमिनीत ठोकायचा, अर्धा लिटर पाणी ओतायचं आणि मुरायला किती वेळ लागतो ते बघायचं. चूक हमखास दोन ठिकाणी होते: पाचोळा न काढताच डबा ठोकला तर पाणी कडेने निसटतं, आणि डबा मुळावर बसला तर वाकडा जातो. पाचोळा हाताने बाजूला करून, दोन-तीन जागी करूनच सरासरी घ्या. जंगलात पाणी बघता बघता नाहीसं होतं. वीस पावलांवर, झाडी संपून कातळ सुरू होतो तिथे करवीच्या झुडपांच्या वाळक्या काड्या उभ्या असतात आणि डबा ठोकायला मातीच नसते. पाऊस दोन्हीकडे तोच. ६,००० मिलिमीटर पावसात उघडी माती दोन-तीन पावसाळेसुद्धा टिकत नाही, आणि एकदा ती गेली की अंजनी परत येत नाही, करवी येते. तोडलेलं जंगल इथे आपोआप का भरून येत नाही, त्याचं अर्धं उत्तर या वीस पावलांत आहे.

गोचिड्यांपासून सावध. जळवा पावसाळ्यातल्या; फेब्रुवारीत वाळक्या गवतात गोचिड्या असतात. पँट मोज्यात खोचा.

मुक्काम निवे परिसरात एका घरी. आंबेमोहोराचा भात, तांदळाची भाकरी, वालाची आमटी. मुळशीच्या आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन आहे. ताटात आला की आधी वास येतो. जेवताना पाण्याचा विषय निघाला. घरच्या मावशी म्हणाल्या, "अहो, पाऊस आमच्याकडे पडतो हो, थांबत नाही. मे महिन्यात हंडा घेऊन उतरावं लागतं." धरण समोर आहे. पण मुळशीचं पाणी १९२० च्या दशकापासून बोगद्यातून पश्चिमेला, भिऱ्याच्या वीजघराकडे जातं. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला तोही याच धरणासाठी.

दिवस दुसरा : देवराई, मग पुण्याच्या टेकड्या

पहाटे गारठा, साडेआठपर्यंत धुकं. गावाजवळची देवराई गावकऱ्यांना विचारूनच बघितली. चपला बाहेर, पडलेली काडीही उचलायची नाही. अशा देवरायांत गारंबीचे वेल मांडीएवढे जाड होतात आणि त्यांच्या शेंगा मीटरभर लांब असतात. बाहेरच्या जंगलात एवढा जुना वेल क्वचित दिसतो. हवामान या जागेला काय देऊ शकतं त्याची वरची मर्यादा बघायची तर देवराईत जावं. बाहेर दिसतं ते हवामान वजा कुऱ्हाड.

परतीचा रस्ता गाडीच्या खिडकीतून वाचण्यासारखा. मुळशीला हिरवा डोंगर. पौडच्या आसपास साग, ऐन, पानं गळायला लागलेली. पिरंगुटला उघडे उतार, मधूनच लाल पांगारा. माथ्यावर हवेने पाणी टाकलं. पलीकडे चढ संपला, उलट किंचित उतार. उतरती हवा तापते आणि ढग विरतात. जुलैत पुण्यावरून दिवसभर ढग पळतात आणि छत्री उघडावी की नाही असा पाऊस पडतो, तो यामुळेच.

जगात हा प्रकार ठिकठिकाणी आहे. हवाई बेटांतल्या कौआई बेटावर वायलेआले शिखराला वर्षाला ९,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आणि तिथून तीसेक किलोमीटरच्या आत पश्चिम किनाऱ्यावर पाचशेच्या आसपास. आपल्याकडचा उतार थोडा लांबट आहे इतकंच.

संध्याकाळी वेताळ टेकडी. क्योपेनचं दुसरं गणित इथे उपयोगी पडतं. पाऊस मुख्यतः उन्हाळी अर्धवर्षात पडत असेल (एप्रिल ते सप्टेंबर त्यात धरतात), तर सरासरी तापमानाला २० ने गुणा, २८० मिळवा. पाऊस त्यापेक्षा कमी, पण त्याच्या निम्म्याहून जास्त असेल तर प्रदेश अर्धशुष्क. पुण्याचं सरासरी तापमान २५ अंश धरा: ५०० अधिक २८०, म्हणजे ७८०. पाऊस सातशे-साडेसातशे. शहर बरोबर उंबरठ्यावर, किंचित कोरड्या बाजूला. म्हणून काही नकाशांत पुणे ओल्या-कोरड्या उष्ण कटिबंधात रंगवलेलं दिसतं आणि काहींत अर्धशुष्क. कुठल्या वर्षांची सरासरी घेतली त्यावर रंग बदलतो.

टेकडीवरची मूळची झाडं या उंबरठ्याला साजेशी: सालई, मोई, मेडशिंगी, धावडा, खैर. फेब्रुवारीत बहुतेक निष्पर्ण. ताम्हिणीच्या अंजनीने पान जाड केलं, यांनी पानच टाकून दिलं. कोरड्या महिन्यांवरचे हे दोन तोडगे आहेत. गणेर तर पानं नसतानाच पिवळाजर्द फुलतो. पाखरांना आणि मधमाश्यांना फूल लांबून दिसतं. भुत्याची कागदी साल नखाने किंचित सरकवली तर खाली हिरवा थर आहे, पान नसतानाही थोडं अन्न बनवणारा. जखम करू नका, सुटलेली साल असते तिथेच बघा.

टेकडीच्या दोन्ही बाजू मुद्दाम फिरून या. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला, त्यामुळे दक्षिण उतार तापतो आणि लवकर सुकतो. उत्तर उतारावर झाडी दाट आणि पानं जास्त दिवस टिकलेली. एकाच टेकडीवर दोन हवामानं. उताराच्या निम्म्या भागात मात्र लावलेला गिरिपुष्प आहे, आणि त्याचे गुलाबी तुरे काही जण पुण्याचं चेरी ब्लॉसम म्हणून फोटोत टाकतात. मूळ मेक्सिको-मध्य अमेरिकेतलं हे झाड. त्याच्या सावलीत इथलं गवत फारसं वाढत नाही. फोटो सुंदर येतो हे खरं.

दिवस तिसरा : सुपे, मयूरेश्वर अभयारण्य

सोलापूर रस्त्याने चौफुला, तिथून दक्षिणेला सुपे. फाटकावर सूर्योदयाला पोचा. नऊनंतर चिंकारा बोरी-हिवराच्या सावलीत बसतात आणि दुर्बिणीलाही सापडत नाहीत. अभयारण्य १९९७ सालचं, क्षेत्र पाच चौरस किलोमीटरच्या थोडं वर. एवढ्याशा जागेत चिंकारा, खोकड, लांडगा, धाविक, चंडोल, आणि हिवाळ्यात मध्य आशियातून आलेला भोवत्या हा शिकारी पक्षी गवतावरून खालून उडत असतो.

पाऊस इथे पाचशेच्या आतबाहेर. पण हा माळ फक्त पावसाने झालेला नाही. खुरप्याने खणलं: हातभर नव्हे, वीतभरही नाही, की मुरूम लागला. डबा तर पाच सेंटिमीटर ठोकतानाच अडला. असं झालं की जोर लावून डबा वाकवू नका. खड्ड्याजवळ मऊ जागा शोधा आणि नोंदीत तसं लिहा. नंतर खाली ओढ्याकाठच्या काळ्या मातीचा गोळा ओला करून अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत त्याची पट्टी काढली. पट्टी पाच सेंटिमीटरपेक्षा लांब निघाली तर माती चिकण. अडीचच्या आत तुटली तर पोयट्याची, निघालीच नाही तर रेताड. ओढ्याकाठची लांब निघते, माळावरची निघतच नाही. ओढ्याकाठी बाभूळ आणि हिवर, माळावर गवत. पाऊस तोच, साठवण वेगळी. काळ्या शेतात रब्बीची मालदांडी ज्वारी पाऊस संपल्यावर निव्वळ मातीतल्या ओलीवर पिकते, ती याच साठवणीवर.

परिसंस्थांचे अभ्यासक रॉबर्ट व्हिटेकर यांनी तापमान आणि पाऊस या दोन अक्षांवर जगातली जीवसंहती, म्हणजे वर्षावन, गवताळ प्रदेश, वाळवंट असे मोठे प्रकार, मांडली, तो आलेख शाळा-कॉलेजात सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्यात मधल्या पट्ट्याभोवती एक तुटक रेषा आहे ती सहसा शिकवत नाहीत. त्या रेषेच्या आत जंगल असेल की गवताळ प्रदेश, हे माती, वणवा आणि चरणारी जनावरं ठरवतात. सुप्याचा माळ त्या तुटक रेषेच्या आतला आहे. टांझानियातल्या सेरेंगेटीचं आखूड गवताचं मैदानही तसंच: न्गोरोंगोरोच्या डोंगरांच्या पर्जन्यछायेत, पाऊस असाच तुटपुंजा, आणि ज्वालामुखीच्या राखेतला कॅल्शियम घट्ट होऊन जमिनीखाली टणक थर झालेला. मुळं खाली जाऊ शकत नाहीत, झाड उभं राहत नाही, गवत राहतं.

गवत मात्र या जागेसाठीच घडलेलं. वाढीचा कोंब जमिनीलगत, त्यामुळे चरलं किंवा जळलं तरी पुन्हा फुटतं. झाडाचा कोंब शेंड्याला, एका वणव्यात संपतो. कुसळीच्या बीला लांब पिळाचा केस असतो. हवेतली ओल बदलली की तो पीळ सुटतो-बसतो आणि बी मातीत स्क्रूसारखं घुसतं. मोज्यातही तसंच घुसतं, म्हणून सुती मोजे घालू नका. गुळगुळीत कापडाचे गेटर (बुटावरून नडगीवर बांधायचं आवरण) घाला. पवन्या आणि मारवेल हे चराईचं चांगलं गवत. कुठे ते संपून नुसती कुसळी उरली असेल तिथे चराई जास्त झाली असं समजावं.

सरकारी नोंदींत असे माळ बऱ्याचदा पडीक म्हणून येतात, आणि पडीक म्हटलं की कोणीतरी रोपं घेऊन येतं. समतल चर, त्यावर गिरिपुष्प, सुबाभूळ. पाचशे मिलिमीटर आणि वीतभर मातीवर जंगल होत नाही. होतं ते मरतुकडं रोपवन, आणि चिंकाऱ्याला लांबवर दिसायची मोकळी जागा तेवढी जाते. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं. आता तिथे माळढोक दिसणं जवळजवळ संपलंय. आजूबाजूचा ऊस, वीजतारा आणि माळ भरून टाकण्याची हौस, तिन्ही त्याला जबाबदार आहेत. झाडं लावायला आमची हरकत नाही. ती ओढ्याकाठी लावा.

अभयारण्याबाहेर एक म्हातारे धनगर बाबा भेटले, शेळ्या चार-पाच. मेंढरं कुठे म्हणून विचारलं. "वाडा कोकणात गेलाय, पोरांसंगं. दिवाळी झाली की जातो, ज्येष्ठात परत. पावसात तिकडं मेंढरू जगत न्हाई, खूर सडतो." वाडा म्हणजे मेंढरांसोबत हिंडणाऱ्या कुटुंबांचा तळ. आम्ही गाडीने मोजत आलो तो पावसाचा उतार हे लोक दरवर्षी पायी चढतात-उतरतात. माळावरचं गवत हिवाळ्यात संपतं तेव्हा कोकणात कापणी झालेल्या भातखाचरांत चारा असतो आणि मेंढ्या बसवायला शेतकरी बोलावतात. कोकणात पाऊस सुरू होतो तेव्हा माळ हिरवा होतो.

दुपारी बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, ठेचा. हुरड्याचा हंगाम संपत आला होता, तरी एका शेतात शेवटची आगटी पेटलेली मिळाली. ताटातला तांदूळ मुळशीनंतर कमी होत सुप्यापर्यंत सणापुरता उरतो.

मयूरेश्वरमध्ये गर्दी असेल तर वनविभागाची गवताळ सफारी शिर्सुफळ आणि कडबनवाडीला आहे. नोंदणी आधी ऑनलाइन करा. स्वतःची गाडी माळावर कुठेही घालू नका: चंडोल, टिटवी, धाविक घरटं जमिनीवरच करतात.

दिवस चौथा : भिगवण, कुंभारगाव

पहाटे कुंभारगावच्या काठावर होडी. लाइफ जॅकेट मागा, न मागता मिळेलच असं नाही. पट्टकादंब शेकड्यांनी, चक्रवाक, चित्रबलाक, चमचे, नदी सुरय. रोहित (फ्लेमिंगो) होते पण लांब. होडीवाले दादा म्हणाले, "पाणी अजून वर हाय. उतरलं की येतील जवळ." यात अख्ख्या पाणथळीचं गणित आलं. रोहित खोल पाण्यात चरत नाहीत; त्यांना गुडघाभर पाणी आणि चिखल लागतो, त्यातलं शेवाळ आणि बारीक किडे चोचीने गाळून खातात. हा जलाशय ज्या उजनी धरणाचा, ते काठोकाठ भरलं आणि पाणी उशिरा सुटलं तर चिखल उशिरा उघडा पडतो आणि रोहित त्या वर्षी उशिरा किंवा दुसऱ्या काठाला दिसतात. म्हणून निघण्याआधी धरणाचा टक्का बघा. तो झपाट्याने उतरत असेल तर जा.

पाचशे मिलिमीटरच्या प्रदेशात हा जलाशय स्वतःच्या पावसावर भरणं शक्यच नाही. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणात भीमा येते ती भीमाशंकरहून, आणि तिच्यात इंद्रायणी, पवना, मुळा-मुठा मिळतात. घाटमाथ्यावर पडलेलं पाणी, पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी सोबत घेऊन. त्यातल्या नत्र-स्फुरदाने इथलं शेवाळ माजतं. मासे आणि पक्षी त्यावर काही काळ गुटगुटीत होतात, पण उन्हाळ्यात पाणी हिरवं पडून वास मारतो आणि काठावरची गावं तेच पाणी वापरतात.

काठावर चिलापीचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी मिळते. मरळ मिळाली तर तीच घ्या. चिलापी मूळची आफ्रिकेतली, आणि होडीवाल्यांच्या बोलण्यात जुने देशी मासे आता कमी लागतात.

हीच रेषा पुन्हा करायची तर जुलैच्या शेवटी करा, पण उलटी: भिगवण सोडून द्या, सुप्यापासून सुरू करा. माळावर तेव्हा गवत घोट्याएवढं असतं आणि चंडोल गात असतात. ताम्हिणीला रेड किंवा ऑरेंज अलर्ट असेल तर पौडच्या पुढे जाऊ नका. दरडी कोसळतात, धबधब्याच्या कुंडात दरवर्षी माणसं जातात, आणि अंधारबनची वाट त्या काळात बंदही ठेवली जाते. पर्जन्यमापक नसेल तर सरळ कडांची बरणी प्रत्येक मुक्कामी रात्रभर उघड्यावर ठेवा, झाडापासून आणि पन्हळीपासून लांब, आणि सकाळी पट्टीने पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजा. निमुळती किंवा फुगीर बरणी चालणार नाही, आकडा चुकतो. ताम्हिणीसाठी बरणी फूटभर उंचीची घ्या, वर्तमानपत्रात लिहिण्याजोगी रात्र असली तर तीही अपुरी पडेल.